कोऱ्या शीटची आखणी

२०२४च्या मे महिन्यात, ऐन पीककर्जाच्या हंगामात, जवळच्या गावातल्या सेवा सोसायटीचे गटसचिव लॅपटॉप काखेत मारून माझ्याकडे आले. क.म. पत्रकासाठी, म्हणजे कोणाला किती पीककर्ज मिळायचं त्या तक्त्यासाठी, सभासदांची यादी करताना ते मेटाकुटीला आले होते. 'सर, मी सातबारा लिहितो आणि हा डबा त्याची तारीख करतो,' एवढंच म्हणाले आणि लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. जोडलेल्या कागदांच्या रकान्यात त्यांनी ७/१२ टाइप केलं की एंटर दाबताक्षणी तिथे ७ डिसेंबर उगवत होता. हिस्सा नंबर १२/३ असलेल्या शेतकऱ्याच्या नावापुढे १२ मार्च. २४५/१ मात्र जसाच्या तसा, कारण दोनशे पंचेचाळीस तारखांचा महिना अजून कोणत्या पंचांगात आलेला नाही. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की रकान्याचा फॉरमॅट 'टेक्स्ट' करा. तसं केल्यावर ७ डिसेंबर गेला आणि त्याच्या जागी ४५६३३ हा आकडा आला. सचिव तो आकडा गावच्या गट नंबरांत शोधत बसले होते.

तो गट नंबर नव्हता. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरला तर एक्सेलच्या हिशेबाने ७ डिसेंबर २०२४ हा ४५,६३३वा दिवस. एक्सेल तारीख अशी दिवसांच्या संख्येतच साठवतं. दिवस-महिना हा तिचा नुसता पोशाख. पोशाख उतरवला की आतली संख्या दिसते. आणि हा हिशेब एका दिवसाने चुकलेलाही आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, पण १९८३ साली बाजारात आलेल्या लोटस १-२-३ या प्रोग्रामने ते लीप धरलं होतं. लोटसच्या फायली आपल्याकडे बिनतक्रार चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूकही पदरात घेतली. चाळीसेक वर्षं झाली, लोटस कधीच इतिहासजमा झालं, २९ फेब्रुवारी १९०० हा न उगवलेला दिवस मात्र अजून एक्सेलमध्ये नांदतो आहे.

सचिवांनी त्या दिवशी जी शीट उघडली होती तिला ते 'कोरी' म्हणत होते. ही पुस्तिका त्या 'कोरी' या शब्दाबद्दल आहे. स्प्रेडशीट उघडल्यावर समोर येणाऱ्या पानावर अक्षर कोणतं, किती मोठं, ओळ किती उंच, रकाना किती रुंद, छापायचा कागद कुठला, आकड्यात स्वल्पविराम कुठे, तिरकी रेघ दिसली की तिचं काय समजायचं, हे सगळं आपण पहिलं बटण दाबायच्या आत ठरून गेलेलं असतं. हे ठरवणारा माणूस बहुधा अमेरिकेतल्या एखाद्या कचेरीत बसलेला असतो, आणि त्याने सातबारा पाहिलेला नसतो. त्याचे निर्णय पुसून आपले कसे लिहायचे, म्हणजे स्वतःचा डिफॉल्ट टेम्प्लेट कसा बसवायचा, एवढाच इथला विषय. काम वीस मिनिटांचं आहे. त्याच्यावर पुस्तिका लिहावी लागली याचं कारण ती वीस मिनिटं नेमकी कुठे खर्च करायची हे कोणी सांगत नाही.

आधी शब्दांचं बघू. टेम्प्लेटला मराठी शब्द शोधायला कोशात जायची गरज नाही. तो तलाठ्याच्या दफ्तरात आहे. नमुना. महसूल खात्याचे गाव नमुने एक ते एकवीस. नमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही, आठ-अ म्हणजे खातेदाराची एकूण जमीन, सात म्हणजे जमीन कोणाच्या नावावर, बारा म्हणजे तिच्यात पीक कोणतं. सात आणि बारा एकाच कागदावर आले म्हणून सातबारा. म्हणजे एक्सेलने ज्याची तारीख केली ते मुळात दोन टेम्प्लेटांचे नंबर होते! आखलेला, रकान्यांना नावं असलेला, पण अजून भरायचा राहिलेला कागद ही कल्पना आपल्याकडच्या अडाण्यातल्या अडाणी खातेदारालाही कळते. टेम्प्लेट म्हटलं की तोच माणूस बिचकतो. म्हणून मी या पुस्तिकेत बहुतेक ठिकाणी नमुनाच म्हटलं आहे.

'डिफॉल्ट'चा प्रश्न जास्त अवघड. पूर्वनिर्धारित हा सरकारी पर्याय तोंडात बसत नाही, आणि डिफॉल्ट म्हटलं तर सहकारात भलताच अर्थ निघतो. एका पतसंस्थेच्या कर्मचाऱ्यांना मी शिकवत होतो. 'डिफॉल्ट बदलायचा कसा?' असं विचारल्यावर मागच्या बाकावरून शाखाधिकारी म्हणाले, 'वसुली करून.' वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी जाताना वाटलं, माणूस तितकासा चुकला नाही. दोन्ही डिफॉल्ट एकाच जुन्या फ्रेंच शब्दातून आले आहेत आणि दोहोंच्या मुळाशी कसूर आहे, जे करायला हवं होतं ते न करणं. कर्जदाराने हप्ता भरला नाही की तो डिफॉल्टर. आपण काही ठरवलं नाही की मशीन जे ठरवतं ते डिफॉल्ट. तेव्हा हा शब्द मी तसाच ठेवला.

कोऱ्या शीटमधले निर्णय बदलतही असतात, आणि आपल्याला न विचारता बदलतात. एक्सेलचं अक्षर बरीच वर्षं एरियल दहा होतं. २००७च्या आवृत्तीपासून कॅलिब्री अकरा झालं. अलीकडे त्याच्या जागी ॲप्टोस नॅरो आलं आहे. नव्या फाईलमध्ये पूर्वी तीन शीट मिळत, २०१३पासून एकच मिळते. हे वरवरचं वाटतं, पण एक्सेल रकान्याची रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजत नाही, नेहमीच्या अक्षरातले किती शून्य शेजारी शेजारी मावतात यावर मोजतं. अक्षर बदललं की रुंदीचं माप बदलतं, माप बदललं की काल एका पानावर बसणारी यादी आज दुसऱ्या पानावर एक रकाना सांडते. ऑडिटच्या आदल्या रात्री हे ज्याच्या वाट्याला आलं आहे त्याला अधिक सांगायला नको.

काही वेळा प्रकरण पानापुरतं राहत नाही. इंग्लंडमध्ये २०२०च्या शरद ऋतूत कोरोनाच्या चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून साध्या मजकुराच्या फायलींत येत, आणि सार्वजनिक आरोग्य यंत्रणा ते एक्सेलच्या नमुन्यांत ओतून पुढे पाठवत असे. नमुने जुन्या एक्सएलएस प्रकारचे होते. त्या प्रकारात ओळी ६५,५३६. २००७पासूनच्या नव्या प्रकारात त्या १०,४८,५७६ आहेत. एकेका रुग्णाला अनेक ओळी लागत, त्यामुळे एक नमुना साधारण चौदाशे रुग्णांतच भरून जाई. भरल्यावर त्याने आरडाओरडा केला नाही. पुढच्या ओळी मुकाट गळाल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यातले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत, आणि त्यांच्या संपर्कातल्या माणसांना गाठायला उशीर झाला. सूत्र चुकलं नव्हतं, बेरीज चुकली नव्हती. ओतायचं भांडं जुनं होतं आणि ते बदलायचं कोणाला सुचलं नव्हतं.

त्याच वर्षी जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने काही जनुकांची नावं बदलली. 'मार्च-एक', 'सेप्ट-एक' अशा अर्थाची त्यांची लघुरूपं एक्सेल तारखा समजून बदलत होतं आणि शोधनिबंधांच्या तक्त्यांत जनुकांऐवजी १ मार्च आणि १ सप्टेंबर छापून येत होते. शास्त्रज्ञांनी अखेर हार मानून जनुकांचंच बारसं पुन्हा केलं. आपले गटसचिव त्यांच्याहून ताठ. सातबाऱ्याचं नाव बदलायला ते तयार नव्हते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, आणि इथे वाचकाने जरा थांबावं, कारण बहुतेक लोक इथेच घसरतात. सगळे निर्णय नमुन्यात राहत नाहीत. काही संगणकाच्या प्रणालीत राहतात, काही प्रोग्रामच्या पर्यायांत, आणि उरलेलेच नमुन्याच्या फाईलमध्ये. लाख-कोटींचे स्वल्पविराम घ्या. एक्सेल ते विंडोजच्या प्रदेश-सेटिंगवरून उचलतं. तुमच्या मशीनवर प्रदेश भारत असेल तर १२,३४,५६७ दिसेल. तीच फाईल प्रदेश अमेरिका असलेल्या मशीनवर उघडली तर १,२३४,५६७. फाईल तीच, आकडा तोच, आणि अध्यक्ष विचारतात, 'हे बारा लाख की एक मिलियन?' नमुन्यात हे पक्कं करायचं तर अटी घातलेला लांबलचक फॉरमॅट लिहावा लागतो. तो पुढे दिला आहे. लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये मात्र खान्याच्या फॉरमॅटलाच भाषा जोडता येते. मराठी किंवा भारतीय इंग्रजी निवडलं की स्वल्पविराम आपल्या पद्धतीने पडतात आणि तो निर्णय फाईलबरोबर प्रवास करतो.

तारखेचं नेमकं उलट. कॅल्क कोणत्या आकृतीला तारीख समजतं याची यादी प्रोग्रामच्या भाषेच्या पर्यायांत असते. त्यातून 'दिवस/महिना' ही जोडी काढून टाकली की ७/१२ हा ७/१२च राहतो, आणि वर्षासकट लिहिलेली तारीख पूर्वीसारखीच ओळखली जाते. माझ्या मते हा कॅल्कमधला सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरला जाणारा पर्याय आहे. पण तो नमुन्यात बसत नाही; प्रत्येक मशीनवर एकदा जाऊनच करावा लागतो.

नमुना बसवण्याची कृती कॅल्कमध्ये सरळ आहे. कोरी शीट उघडायची, एफ-अकरा दाबून स्टाइलची पट्टी काढायची आणि 'डिफॉल्ट' नावाची खान्याची स्टाइल बदलायची. बाकीच्या स्टाइली तिच्या लेकी आहेत. आईचं अक्षर बदललं की त्यांचंही बदलतं. मग पानाची स्टाइल: कागद ए-फोर, समास, आडवं की उभं. अनेक आवृत्त्यांत कॅल्क प्रत्येक पानाच्या डोक्यावर 'शीट१' असं छापतं. ते इथेच काढायचं. नंतर फाईल, टेम्प्लेट्स, सेव्ह ॲज टेम्प्लेट या वाटेने जाऊन नाव द्यायचं आणि 'सेट ॲज डिफॉल्ट टेम्प्लेट'च्या चौकोनात खूण करायची. संपलं. पस्तावलात तर नमुन्यांच्या व्यवस्थापकात मूळ डिफॉल्ट परत आणायची सोय आहे. एक सूचना: हा नमुना तुमच्या वापरकर्ता-प्रोफाइलमध्ये राहतो. लिबरऑफिस अडखळायला लागलं की जाणकार मंडळी पहिला सल्ला देतात तो ते प्रोफाइल उडवण्याचा. त्याबरोबर नमुनाही जातो. तेव्हा एक प्रत पेनड्राइव्हवर असू द्या.

एक्सेलमध्ये असं कोणतंही बटण नाही. तिथे एक जुना संकेत पाळावा लागतो. नमुन्याच्या फाईलला इंग्रजी अक्षरांत 'बुक' हेच नाव द्यायचं, प्रकार 'एक्सेल टेम्प्लेट' ठेवायचा आणि ती एक्सएलस्टार्ट नावाच्या फोल्डरात टाकायची. इथे एकापाठोपाठ एक तीन खड्डे आहेत. प्रकार 'टेम्प्लेट' निवडताच एक्सेल आपल्याला न सांगता दुसऱ्याच फोल्डरात नेऊन ठेवतं, आणि फाईल तिथे जतन होते, जिथे तिचा काही उपयोग नाही. खरं फोल्डर ॲपडेटाच्या पोटात असतं, आणि ॲपडेटा विंडोज एरवी दाखवतच नाही. हे दोन्ही पार करून माणूस एक्सेल उघडतो, सुरुवातीच्या पडद्यावर 'ब्लँक वर्कबुक' दाबतो आणि बघतो तर पुन्हा तेच कंपनीचं अक्षर. कारण तो चौकोन आपला नमुना बघतच नाही. कंट्रोल-एन दाबलं तर आपला नमुना येतो. सुरुवातीचा पडदाच पर्यायांतून बंद केला तर एक्सेल उघडतानाही आपला येतो. नमुना केला आणि चाललाच नाही म्हणून नाद सोडलेले जेवढे लोक मला भेटले, त्यांतले बहुतेक या तिसऱ्या खड्ड्यात पडलेले होते. फाईलमध्ये अधिकची शीट जोडली तर तिच्यासाठी 'शीट' नावाचा वेगळा नमुना त्याच फोल्डरात हवा, नाहीतर पहिलं पान आपलं आणि दुसरं परक्याचं, अशी फाईल तयार होते. गूगल शीट्समध्ये साध्या खात्याला कोरं पान ठरवण्याची सोय नाही. तिथे एक आदर्श फाईल ठेवून तिच्या प्रती काढत राहणं एवढंच हाती आहे.

मराठीचा म्हणून एक खास अडथळा आहे. कॅल्क अक्षरांचे तीन गट करतं: पाश्चात्त्य, आशियाई आणि गुंतागुंतीच्या मांडणीच्या लिप्या. आपण आशियात राहतो म्हणून लोक आशियाई गटात फाँट निवडतात. तो गट चिनी, जपानी आणि कोरियन लिप्यांचा. देवनागरी तिसऱ्या गटात, अरबी आणि थाईच्या शेजारी. नमुन्यात नोटो सान्स देवनागरी किंवा निर्मला लावायचा तो त्या गटात. पहिल्या गटात लावला तर इंग्रजी बदलतं आणि मराठी ढिम्म राहते. ओळीची उंचीही बघावी लागते, कारण वर रफार-वेलांटी आणि खाली उकार असलेलं अक्षर इंग्रजीसाठी मोजलेल्या ओळीत गुदमरतं. ज्यांचे जुने नमुने श्रीलिपी, शिवाजी वा आयएसएमच्या जमान्यातले आहेत त्यांनी ते डागडुजी करून वापरू नयेत. त्यात दिसतं मराठी, पण साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. यादी अकारविल्हे लावायला गेलात की उगाच डोळ्यांत पाणी येईल.

आता नमुन्यात काय घालायचं. उत्साहाच्या भरात लोक संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, बोधचिन्ह, सह्यांच्या जागा, सगळं डिफॉल्ट नमुन्यात भरतात. मग मुलीच्या लग्नाचा खर्च मांडायला कोरी शीट उघडली तरी वर संस्थेचं नाव आणि खाली 'चेअरमन'. माझं मत स्पष्ट आहे: डिफॉल्ट नमुन्यात एकही शब्द लिहिलेला नसावा. जे प्रत्येक फाईलला लागू तेवढंच तिथे. जे फक्त क.म. पत्रकाला लागू ते क.म. पत्रकाच्या वेगळ्या नमुन्यात. दिवाळीत वही पूजनाला व्यापारी नव्या चोपडीवर 'श्री' लिहितो, गिऱ्हाइकाचं नाव लिहीत नाही. जुन्या चोपड्यांच्या पानांवर तर रेघाही नसत. पान उभं दुमडून घड्यांचे रकाने पाडत. मजकूर नाही, पण रक्कम कुठल्या घडीत पडायची हे ठरलेलं. डिफॉल्ट नमुना तसाच असावा.

त्या घड्यांचं काम स्टाइली करतात. रिकाम्या नमुन्यात आपल्या नावाच्या तीन-चार स्टाइली ठेवाव्यात. 'रक्कम' म्हणजे लाखांचे स्वल्पविराम आणि दोन दशांश. 'क्षेत्र' म्हणजे दोन दशांश सक्तीचे, कारण १ हेक्टर २० आर म्हणून १.२० लिहिलं की शीट शेवटचं शून्य खाते, १.२ उरतं, आणि वाचणारा १ हेक्टर २ आर वाचतो. गणिताने बरोबर असलेला आकडा शेतकऱ्याच्या दृष्टीने अठरा आर गिळून बसतो. 'क्रमांक' म्हणजे निव्वळ मजकूर: गट, हिस्सा, खातं, आधार. आधारचे बारा अंक एक्सेल साध्या खान्यात घातपद्धतीने दाखवतं, आणि पंधरापेक्षा जास्त अंकांचा खाते क्रमांक असेल तर सोळाव्या अंकापासून पुढे शून्यं भरतं. ते अंक नुसते लपत नाहीत, जातात. सुरुवातीचं शून्यही जातं. बेरीज-वजाबाकी ज्याची कधीच करायची नाही, तो दिसायला आकडा असला तरी मजकूर म्हणून ठेवावा. आणि फॉरमॅट आधी, टायपिंग नंतर. उलट क्रमाने केलं की ४५६३३.

इथे माझी एक फजिती सांगायला हवी. सचिव गेल्यावर मी त्याच रात्री त्यांच्यासाठी नमुना केला आणि खबरदारी म्हणून सगळीच शीट 'टेक्स्ट' करून टाकली. सातबारा सुरक्षित झाला. चार दिवसांनी फोन आला, 'सर, बेरीजच होत नाही.' बेरजेचं सूत्र टाकलं की खान्यात उत्तराऐवजी सूत्रच अक्षरशः दिसत होतं, कारण मी शीटला सांगून ठेवलं होतं की इथे येईल तो सगळा मजकूर समज. तिने इमानाने ऐकलं. मूळ स्टाइल साधी ठेवून 'क्रमांक' वेगळी काढायची, हे शहाणपण त्या फोननंतरचं.

पुस्तिकेची मांडणी याच अनुभवांच्या क्रमाने आली आहे, म्हणून ती थोडी वेडीवाकडी आहे. कॅल्कवर पानं जास्त आहेत, कारण ते फुकट मिळतं, मराठी तोंडवळ्यातही मिळतं, आणि गावोगावच्या संस्थांत परवान्याचे पैसे हा खरा प्रश्न आहे. जुन्या फायलींबद्दल एक स्वतंत्र प्रकरण आहे, ते आधी वाचलं तरी चालेल. एक्सेलमध्ये फाईल एकदा जन्मली की नमुन्याशी तिची नाळ तुटते. नमुना सुधारला म्हणून मागच्या फायली सुधारत नाहीत. कॅल्कमध्ये नमुन्यावरून काढलेली फाईल उघडताना बदललेल्या स्टाइली घेऊ का असं विचारलं जातं, आणि एकदा नको म्हटलं की त्या फाईलपुरतं पुन्हा विचारलं जात नाही. घाईत 'नको' दाबणाऱ्यांसाठी ते प्रकरण आहे.

सचिवांच्या मशीनवर आता त्यांचा स्वतःचा नमुना आहे. माझ्या नमुन्यातलं अक्षर त्यांना बारीक वाटलं, ते त्यांनी मोठं केलं. 'क्षेत्र'ला त्यांनी फिकट हिरवा रंग दिला, जो मी दिला नसता. परवा संस्थेत गेलो तेव्हा नवीन लागलेला मुलगा यादी भरत होता. हिस्सा नंबरच्या रकान्यात त्याने १२/३ टाइप केलं, १२/३ उमटलं, आणि तो पुढच्या ओळीवर गेला. मी त्याला विचारलं, 'हे असं राहावं म्हणून काय केलंयस?' त्याने माझ्याकडे नवलाने पाहिलं. 'काही नाही सर, हे असंच असतं ना?'